काचेच्या बरणीतला मेंदू



मागच्या महिन्यात युवकांची बैठक संपल्यावर हॉलमधल्या खुर्च्या रचता रचता एका मुलाने विचारले, "फादर, तुम्ही फ्रँकेन्स्टाइन पाहिलात का?" गियेर्मो देल तोरो ह्या मेक्सिकन दिग्दर्शकाचा २०२५ साली आलेला नवा चित्रपट त्याने मोबाइलवर पाहिला होता. मी म्हटले, "नवा अजून राहिलाय. जुना पाहिलाय, आणि पुस्तक दोनदा वाचलंय." शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "फ्रँकेन्स्टाइन म्हणजे तो राक्षसच ना, डोक्याला टाके घातलेला?"

तिची चूक नाही. जगातले निम्मे लोक तेच समजतात. फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचे नाव नव्हे. ज्याने त्याला घडवले त्या माणसाचे ते आडनाव आहे. राक्षसाला नावच नाही. घडवणाऱ्याने ते ठेवलेच नाही. आपल्याकडे मूल जन्मले की पहिल्या आठवड्यातच नावावरून घरात दोन तट पडतात, आणि स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरूचा आईबापांना पहिला प्रश्न असतो तो बाळाच्या नावाचा. तो प्रश्न पहिलाच का, हे मला ह्या भयकथेने जेवढे समजावले तेवढे वर्गातल्या व्याख्यानांनी नाही समजावले. (माझ्या प्राध्यापकांनी क्षमा करावी.)

त्या संध्याकाळी मुलांना घरी जायचे होते, म्हणून विषय तिथेच राहिला. पण बोलायचे बरेच होते, ते आज इथे लिहितो.

पुस्तक मेरी शेली ह्या इंग्रज तरुणीने लिहिले. १८१६च्या उन्हाळ्यात ती जिनिव्हाच्या सरोवराकाठी राहत होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या टांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला होता आणि त्या राखेने युरोपातला तो उन्हाळा पावसाळी व थंडगार करून टाकला होता. बाहेर पडता येत नव्हते, म्हणून कवी बायरनच्या घरी जमलेल्या मंडळींनी प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची असे ठरवले. मेरी तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. तिची आई तिला जन्म दिल्यावर काही दिवसांतच वारली होती. १८१५मध्ये तिला स्वतःला एक मुलगी झाली, ती अपुऱ्या दिवसांची, पंधरवडाभर जगली. मग मेरीने आपल्या रोजनिशीत एक स्वप्न नोंदवले आहे: बाळ फक्त गारठले होते, शेकोटीपाशी चोळून त्याला ऊब दिली आणि ते जिवंत झाले. जागी झाल्यावर बाळ नव्हते. मृत देहात प्राण फुंकण्याची कथा लिहिणारी ती ही बाई. कादंबरी १८१८च्या जानेवारीत निघाली तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते.

गाजलेला चित्रपट आला १९३१ साली, अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीचा, जेम्स व्हेलने दिग्दर्शित केलेला. बोरिस कारलॉफने त्यात राक्षसाचे काम केले. चपटे डोके, मानेला बोल्ट, जड पाय हे जे रूप आपण ओळखतो ते सगळे ह्या चित्रपटाचे, पुस्तकात त्यातले काही नाही. सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे नटाचे नाव नाही, फक्त प्रश्नचिन्ह आहे.

आम्ही हा चित्रपट सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी एका शनिवारी पाहिला आणि भरपूर हसलो. सत्तर मिनिटांचा जुना काळापांढरा सिनेमा, विजेच्या ठिणग्या, पळणारे गावकरी. पुस्तक मी नंतर वाचले, आणि वाचताना एका गोष्टीवर अडखळलो. चित्रपटात जो प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो तो पुस्तकात मुळी नाहीच.

तो प्रसंग असा. विद्यापीठात डॉ. वॉल्डमन विद्यार्थ्यांना दोन बरण्या दाखवतात. एकीत चांगल्या माणसाचा मेंदू, दुसरीत गुन्हेगाराचा. रात्री फ्रिट्झ नावाचा कुबडा मदतनीस चोरी करायला येतो, चांगली बरणी उचलतो, आवाजाने दचकतो आणि ती हातातून पडून फुटते. मग तो दुसरी घेऊन जातो. पुढे वॉल्डमन हे रहस्य सांगतात तेव्हा घडवणारा क्षणभर चरकतो आणि म्हणतो की शेवटी तो मेलेल्या पेशींचा तुकडाच आहे.

म्हणजे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच उत्तर मिळाले. हा राक्षस खून का करतो? मेंदू खराब होता म्हणून. हात निसटला, बरणी फुटली, खलास. ह्यात कुणाचा फारसा दोष नाही.

मेरी शेलीच्या पुस्तकात बरणी नाही, फ्रिट्झही नाही. तिथे व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाचा तरुण जर्मनीत इंगोल्स्टाटच्या विद्यापीठात शिकतो, नोव्हेंबरातल्या एका रात्री त्याने जुळवलेल्या देहाचे डोळे उघडतात, आणि ते पिवळट डोळे पाहून तो खोलीतून पळतो. थोड्या वेळाने तो जीव त्याच्या बिछान्यापाशी येतो, काहीतरी पुटपुटतो, हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो, ह्या वेळी घराबाहेर. जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्या जीवाला एवढेच मिळाले. त्याच्यात वाईट असे काहीच घातलेले नव्हते.

उलट तो चांगलाच आहे. रानात लपून राहताना तो डी लेसी नावाच्या गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या पडवीत आसरा घेतो. रात्री त्यांच्या अन्नातले थोडे चोरून खातो. मग त्याच्या लक्षात येते की ह्या लोकांना स्वतःलाच पुरत नाही, आणि तो चोरी थांबवतो. कंदमुळांवर राहतो, वर रात्री त्यांच्यासाठी लाकडे तोडून दाराशी ठेवतो. मी पापनिवेदन ऐकायला बसतो, म्हणून खात्रीने सांगतो: चोरी सोडणारे भेटतात, पण कुणी न सांगता भरपाई करणारे फार थोडे. फटीतून ऐकत ऐकत तो भाषा शिकतो, सापडलेली पुस्तके वाचतो. त्यांत मिल्टनचे काव्य असते. ते वाचून तो आदामाशी स्वतःची तुलना करतो आणि फरक पाहून रडतो: आदामाचा निर्माता त्याच्याशी बोलत होता.

घरातला म्हातारा आंधळा आहे. एके दिवशी तो एकटा असताना हा धीर करून आत जातो आणि दोघांचे माणसासारखे बोलणे होते. तेवढ्यात मुलगा परत येतो आणि काठीने बडवून त्याला हाकलतो. पुढे नदीत वाहून जाणाऱ्या एका मुलीला तो उडी मारून वाचवतो, तर तिच्या सोबतचा माणूस त्याच्यावर गोळी झाडतो.

चित्रपटात हाच प्रसंग उलटा झाला आहे, आणि माझ्या मते त्या चित्रपटातली सर्वांत चांगली दोन मिनिटे तीच आहेत. तळ्याकाठी मारिया नावाची लहान मुलगी भेटते. ती घाबरत नाही. त्याला फुले देते, दोघे ती पाण्यात टाकतात, फुले तरंगतात. तो हसतो; साऱ्या चित्रपटात तो मनापासून हसतो ते इथेच. फुले संपतात. मग तो मारियालाच उचलून पाण्यात टाकतो, कारण सुंदर गोष्टी तरंगतात एवढेच त्याला कळले आहे. ती बुडते आणि तो कावराबावरा होऊन पळतो. सेन्सॉरने हे फेकणे कापले. कितीतरी वर्षे प्रेक्षकांना दिसे ते एवढेच: तो मुलीकडे हात नेतो, आणि नंतर बाप तिचे प्रेत घेऊन गावातून चालतो. मधल्या जागी लोकांनी आपापल्या मनातली घाण भरली. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला, तेव्हा कळले की तिथे फक्त एक भयंकर अजाणपणा होता.

आता हिशेब करून पाहा. चित्रपटातल्या राक्षसाकडे म्हणे गुन्हेगाराचा मेंदू आहे. पण तो फ्रिट्झला मारतो ते फ्रिट्झ त्याला मशालीने छळतो म्हणून. वॉल्डमन त्याला कापायला निघालेले असतात. मारियाचे तर सांगितलेच. त्या मेंदूने ठरवून केलेला, असा ह्यात एकही खून नाही. बरणीचा सिद्धांत पटकथेने मांडला आणि कारलॉफच्या चेहऱ्याने तो खोडून काढला. छपराची झडप उघडल्यावर वरून पडणाऱ्या उजेडाकडे तो दोन्ही हात कसे नेतो ते ज्याने पाहिले, त्याला तो मेंदू आठवतही नाही.

आणि पुस्तकातला, जो चांगला जन्मला, लाकडे तोडत होता, मिल्टन वाचत होता? तो व्हिक्टरच्या धाकट्या भावाला, विल्यमला, गळा दाबून मारतो. फ्रँकेन्स्टाइन हे आडनाव त्याच्या तोंडून ऐकल्यावर मारतो. मग मित्राला मारतो, लग्नाच्या रात्री नवरीला मारतो. सांगून, दिवस ठरवून.

इथे मला प्रश्न पडला, आणि तो आमच्या वर्गातल्या फळ्यावरच्या प्रश्नांसारखा नव्हता. ज्याचा मूळ स्वभाव खराब तो जवळजवळ निर्दोष, आणि ज्याचा मूळ स्वभाव चांगला तो खरा पापी, हे कसे? संत थॉमस अक्वायनस ह्यांना त्यात काही विचित्र वाटले नसते. कृत्य माझे ठरण्यासाठी मला ते कळले पाहिजे आणि मी ते इच्छिले पाहिजे. श्रद्धाशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांकडून पाठ करून घेतो ते हेच: विषय गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती. मारियाला फेकणाऱ्याला ह्यातले फक्त पहिले लागू होते. विल्यमला मारणाऱ्याला तिन्ही.

जिनिव्हाचाच एक थोर सुपुत्र, रूसो, ह्याचे म्हणणे होते की माणूस चांगला जन्मतो आणि समाज त्याला बिघडवतो. कादंबरीतला जीव अगदी रूसोच्या वहीतून उठून आल्यासारखा आहे. (मुलांच्या संगोपनावर ग्रंथ लिहिणाऱ्या ह्या रूसोने आपली पाचही मुले पॅरिसच्या अनाथालयात सोडली होती. व्हिक्टर कुणाचा गाववाला आहे हे मेरी शेलीला चांगले माहीत होते.) पण ती रूसोपाशी थांबत नाही. तिचा राक्षस म्हणतो मी दुःखी झालो म्हणून दुष्ट झालो, आणि ते खरे आहे. तरी विल्यमच्या गळ्याभोवतीची बोटे त्याचीच आहेत, आणि शेवटी जहाजावर व्हिक्टरच्या मृतदेहाशी रडताना तो स्वतःच ते कबूल करतो. संत अगस्तीन लहानपणी शेजारच्या बागेतली नाशपती चोरल्याचे लिहितात. भूक नव्हती, घरी त्याहून चांगली फळे होती. मग का चोरली, ह्याचा ते पानेच्या पाने शोध घेतात. त्यांना उत्तर मिळते की वाईटाला स्वतःची अशी वस्तू नाही, ते म्हणजे चांगल्यातली एक पोकळी. ज्याचा एखादा तुकडा कापून बरणीत ठेवता येत नाही, ते.

आपल्याला मात्र बरणी आवडते. "त्याचं रक्तच तसलं." "बापावर गेलाय." "लहानपणापासून डोळ्यांतच दिसत होतं." हे मी ह्या गावात ऐकले आहे, मयताच्या घरीसुद्धा ऐकले आहे. असे म्हटले की पुढे काही करावे लागत नाही. गंमत अशी की "परिस्थितीनं बिघडवला" म्हटले तरीही पुढे काही करावे लागत नाही.

आता ज्या पानासाठी मी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. १९३१च्या चित्रपटात ते नाही.

विल्यमच्या खुनानंतर पकडली जाते जस्टिन मॉरिट्झ, त्या घरातली मोलकरीण. विल्यमच्या गळ्यातले आईचे छोटे चित्र तिच्या खिशात सापडते. ती झोपलेली असताना राक्षसाने ते तिथे ठेवलेले असते. प्रॉटेस्टंट जिनिव्हात ही जस्टिन कॅथलिक आहे. न्यायालयात ती म्हणते मी निर्दोष आहे. तिला शिक्षा होते. आणि मग बातमी येते की तिने गुन्हा कबूल केला. व्हिक्टर आणि एलिझाबेथ तुरुंगात भेटायला जातात तेव्हा ती सांगते की कबुली खोटी होती. शिक्षा झाल्यापासून तिचा पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू तिच्या मागे लागला होता. कबूल कर, नाहीतर बहिष्कार, नाहीतर नरक. ती एकटी होती. शेवटी तिलाच वाटू लागले की आपण खरोखरच राक्षस आहोत. पापमुक्ती मिळावी म्हणून ती खोटे बोलली, आणि आता तेवढ्या एका खोट्याचेच तिच्या मनावर ओझे आहे. दुसऱ्या दिवशी तिला फाशी होते. व्हिक्टरला खरे काय ते ठाऊक असते. तो बोलत नाही, कारण लोक वेडा म्हणतील.

सेमिनरीत हे वाचले तेव्हा मी पान उलटून पुढे गेलो. त्या काळच्या इंग्रजी भयकथांत दुष्ट पाद्री, कपटी मठवासी हे ठरलेले पात्र असे. कॅथलिकांवर राग काढायची तिथे फॅशनच होती. हेही त्यातलेच, असे मी मनाशी म्हटले आणि वहीत तशी टीपही लिहिली.

मग मला दीक्षा मिळाली. दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, मेणबत्त्यांच्या पेटीतले पैसे कमी भरले. सहाशे चाळीस रुपये. त्या सकाळी सॅक्रिस्टीत एकच वेदीसेवक होता, बारा वर्षांचा. घरची परिस्थिती बेताची, वडील पिणारे. मी त्याला बसवले. ओरडलो नाही. अगदी प्रेमाने बोललो, हे मुद्दाम सांगतो. म्हटले, "खरं सांग, देव माफ करतो. मी कुणाला सांगणार नाही. नाही सांगितलंस तर मात्र वडिलांना बोलवावं लागेल." तो म्हणाला, मी नाही घेतले. मी तेच पुन्हा म्हटले. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "हो फादर, घेतले." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या रविवारी मी उधळ्या पुत्रावर प्रवचन केले, आणि लोकांना ते आवडले.

तीन आठवड्यांनी ते पैसे पाकिटासकट सणाच्या हिशेबाच्या वहीत सापडले. ते तिथे मीच ठेवले होते.

मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा केला. मी झाले ते सांगितले, माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, त्यानं मलापण सांगितलं होतं, मीच घेतले म्हणून. मी मारलं त्याला." मुलगा बाहेर आला, "ठीक आहे, फादर" म्हणाला आणि आत गेला. वेदीवर तो पुन्हा आला नाही.

त्या रात्री मी ते पान उघडले. टीप अजून तिथेच होती. मी ती खोडली नाही.

मेरी शेलीला कॅथलिक लोकांविषयी आकस असेल. पण तिला एवढे नक्की ठाऊक होते की चांगल्या हेतूचा, प्रार्थना करणारा माणूस दुसऱ्याच्या तोंडून हवे ते उत्तर काढू शकतो, आणि त्यालाच सत्य समजू शकतो. तिच्या धर्मगुरूने धमकी दिली. मी दिली नाही असे मी बरीच वर्षे म्हणत होतो, पण वडिलांना बोलावणे ही त्या मुलासाठी काय होती, हे त्याच्या घराचे दार पाहिल्यावर कळले. "तू तसा आहेस" हे पुरेशा वेळा, पुरेशा गोड आवाजात ऐकले की माणूस "हो, मी तसा आहे" म्हणतो. त्याला खराब मेंदू लागत नाही. आणि हे मी तुम्हाला न सांगता जस्टिनची गोष्ट सांगितली असती तर मी व्हिक्टरच्या बाकावर बसलो असतो.

१९३१च्या चित्रपटवाल्यांनी जस्टिन का गाळली असेल? सत्तर मिनिटांत किती बसवणार, हे आहेच. त्याआधी ही कथा रंगभूमीवरही बरीच फिरली होती, आणि तिथेही पात्रे गळत गेली होती. पण मला वाटते, बरणी आली की जस्टिन नको होते. दोष मेंदूचा ठरला की गप्प राहिलेला सज्जन, घाईत निकाल देणारे न्यायाधीश आणि हट्टी धर्मगुरू ह्यांचे काय करायचे? चित्रपटात त्यांच्या जागी मशाली घेतलेला गाव आहे. गाव पवनचक्की पेटवतो, राक्षस आत जळतो, आणि पुढच्याच दृश्यात म्हातारा सरदार हातात पेला घेऊन फ्रँकेन्स्टाइन घराण्यात पुत्र जन्मावा म्हणून शुभेच्छा देतो. घराण्याने घडवलेला तो पहिला नुकताच जळाला, हे त्या खोलीत कुणाच्या ध्यानात येत नाही. दिग्दर्शकाच्या मात्र आले असावे, अशी मला शंका आहे.

कारण चार वर्षांनी, १९३५ साली, त्याच व्हेलने पुढचा भाग काढला आणि त्यात आंधळ्या म्हाताऱ्याला परत आणले. तो आता रानात एकटा राहणारा साधू आहे, व्हायोलिनवर शूबर्टची 'आवे मारिया' वाजवणारा. जखमी राक्षस दारात येतो. म्हातारा त्याला भाकर देतो, बोलायला शिकवतो, आणि एकटेपणात मित्र दिला म्हणून गुडघे टेकून देवाचे आभार मानतो. अंधार होत जातो, आणि पडद्यावर शेवटी फक्त भिंतीवरचा क्रूस उजळत राहतो. काही समीक्षक ह्याला भाबडेपणा म्हणतात. मला तो प्रसंग पुस्तकातल्या त्याच प्रसंगाहूनही जवळचा वाटतो, कारण इथे म्हाताऱ्याला पाहुण्याचा चेहरा कधीच दिसत नाही आणि त्याने तो विचारलेलाही नाही. थोड्याच वेळात दोन शिकारी येतात आणि झटापटीत झोपडी पेटते, ते वेगळे.

एक बारीक गोष्ट राहिली. १९३१च्या चित्रपटात नावांची अदलाबदल झाली आहे. घडवणाऱ्याचे नाव हेन्री केले आहे आणि त्याच्या देखण्या, सभ्य मित्राला व्हिक्टर. ह्या मित्राचे आडनाव पाहा: मॉरिट्झ. जस्टिन गेली, तिचे आडनाव तेवढे उरले, चांगले कपडे घातलेल्या एका पाहुण्याच्या अंगावर.

युवकांनी मागणी केल्याप्रमाणे तिसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर हॉलमध्ये जुना चित्रपट दाखवणार आहोत. लहान मुलांना आणू नये. पुस्तक ऑफिसात ठेवले आहे, वहीत नाव लिहून न्यावे. तुरुंगातल्या भेटीचे पान मी दुमडून ठेवले आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू